आपाची कॅसेट

बल्लारपूरच्या बाजारातून आपा चालत निघाली, की एखाददुसरा टवाळ तिच्या मागून तिच्यासारखं चालून दाखवायचा. चालताना माणूस थोडाफार वरखाली होतोच. आपा होत नसे. गुडघे किंचित वाकवून ती अशी सरकत जायची, की दुपट्ट्याखाली हिनं चाकं लावली आहेत की काय, असं वाटावं. त्याचं कारण मला माहीत होतं. कॅमेरा हातात आला त्या पहिल्या महिन्यात ती घरच्या अंगणात खांद्यावर पाण्यानं भरलेली परात घेऊन चालायची. कॅमेरा हलू नये म्हणून केलेली ती सवय अंगात इतकी मुरली, की पुढे मटण आणायलाही ती तशीच जायची. तिचं म्हणणं असे, "पानी सांडलं तं शूटिंग सांडली."

तिचं खरं नाव नसीम. घरात थोरली, म्हणून भावंडं आपा म्हणत आणि त्यांचं ऐकून सगळं गाव. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मीही आपाच म्हणायचो. तिचे वडील माझ्या शेजारच्या गाळ्यात काच कापून फोटोंना फ्रेमा बसवायचे. माझं दुकान लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं. ९४ साली मी गव्हाच्या पायलीएवढ्या वजनाचा कॅमेरा घेतला आणि दुसऱ्याच लग्नात अडकलो. हळदीच्या खोलीच्या दारातच नवरीच्या आत्यानं मला अडवलं. "तुमी कुठी येता? इथी बाया हायेत." बायकांची हळद नसलेली कॅसेट कुणाला नको होती. मी शेजारच्या चाचांना म्हटलं, तुमची पोरगी तासभर नुसता कॅमेरा धरेल का? दोन दिवस मी तिला बटणं शिकवली. तिसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "दिलीपभाऊ, तुमी हरदम उजेडाकडे तोंड करून काऊन उभे राह्यता? नवरी काळी पडून राह्यली नं." त्या दिवसापासून कॅमेरा ती धरू लागली आणि मी बत्ती.

त्या काळी लोक व्हिडिओसमोरही फोटोसारखेच उभे राहत. हात मांड्यांना चिकटवलेले, श्वास रोखलेला. मी पुष्कळ ओरडायचो, "हला, हला," तर ते जास्तच ताठ होत. आपानं त्यावर एक प्रश्न शोधला होता. कॅमेरा डोळ्याला लावून ती प्रत्येकाला विचारायची, "भाजी कोन्ती होती?" माणूस क्षणात माणसात यायचा. कुणी वांग्याची तारीफ करायचा, कुणी वरण पातळ असल्याचं सांगायचा, कुणी मट्ठा मिळालाच नाही म्हणून हातवारे करायचा. एका नवरीचे वडील कॅसेट पाहून दुकानात आले ते लाल होऊन. म्हणाले, "हे लग्नाची शूटिंग हाय का जेवनाची तक्रारवही?" आपा शांतपणे म्हणाली, "काका, पन तुमचे सगळे पाहुने जित्ते दिसून राह्यले का नाई?"

दुकानाच्या पाटीवर नाव माझं होतं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर अक्षरं यायची, 'छायाचित्रण : दिलीप'. शूटिंग तिची असताना हे नाव आपण का टाकतो, हा प्रश्न मला पडत नव्हता असं नाही. पडायचा, पण मी त्याला बसायला जागा देत नसे. आपानं स्वतःची सोय स्वतः करून घेतली होती. लग्नात आंदण मांडलेलं असतं त्याची शूटिंग करावीच लागते. भांडी, पलंग, आणि शेवटी आरशाची आलमारी. आपा त्या आरशासमोर मुद्दाम दोन क्षण जास्त थांबायची. काचेत खांद्यावर कॅमेरा घेतलेली, एक डोळा मिटलेली आपा दिसायची. मला आधी ती चूक वाटली. मी बोललो तर म्हणाली, "तुमचं नाव पाटीवर, माहं तोंड आरशात. कोनी कोनाले अडवलं नाई."

तिची फूफी, म्हणजे आत्या, कुरखेड्याला राहायची. फूफीचं तिथे मोह, चारोळी, हिरडा घेण्याचं दुकान होतं. एका वर्षी मोहाच्या दिवसांत आपा फूफीकडे निघाली आणि मला कॅमेरा मागितला. त्या आठवड्यात लग्न नव्हतं, तरी मी दोन दिवस तोंड वाकडं करून मग दिला. ती आली ती एक भरलेली कॅसेट घेऊन. फूफीच्या दुकानात मोह आणणारी जैनाबाई नावाची एक गोंड म्हातारी होती. तिच्या गावी जाऊन आपानं तिचे चार दिवस टिपले होते. पहाटेपासून झाडाखाली बसलेली, फुलं वेचता वेचता वानराला शिव्या देणारी, सुनेची नक्कल करणारी, मध्येच कॅमेऱ्याला फुलं खायला घालू बघणारी म्हातारी. मी ती कॅसेट उभ्यानंच पाहायला लागलो आणि संपेपर्यंत बसायचं विसरलो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी या बाईची बत्ती धरतोय ते योग्यच चाललं आहे.

कळलं, पण पचलं नाही. त्यानंतर महिन्याभरातच मुंबईची मालिका बनवणारी एक कंपनी नागपूरला माणसं निवडायला येणार, अशी जाहिरात आली. कॅमेऱ्याचं शिक्षण आणि पुढे नोकरी. अट एकच, स्वतः केलेल्या शूटिंगची कॅसेट आणावी. आपानं जैनाबाईची कॅसेट निवडली. तिच्या मागची प्लास्टिकची छोटी टिकली स्वतःच्या हातानं मोडली. ती टिकली मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, यंत्र नकार देतं. पण दुकानवाल्यांना तोड ठाऊक असते. मोडल्या जागी चिकटपट्टी लावायची, की यंत्र फसतं.

मी चिकटपट्टी लावली.

भर दुपारची वेळ होती. आपा जेवायला घरी गेली होती. एका ठेकेदाराच्या घरच्या हळदीची आणि आंदणाची दुसरी प्रत करायची होती. दुकानात कोरी कॅसेट नव्हती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. होती. काउंटरखालच्या खोक्यात, वरचं प्लास्टिकही न फोडलेली. आपा मुंबईला गेली की बायकांच्या खोल्यांची दारं मला पुन्हा बंद होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका यंत्रात ठेकेदाराची हळद सुरू केली, दुसऱ्यात जैनाबाई घातली आणि काउंटरवर बसून शेवटपर्यंत पाहत राहिलो. झाल्यावर धीर सुटला. पट्टी काढली, कॅसेट तिच्या खोळीत ठेवली आणि ठेकेदारासाठी ती कोरी कॅसेट फोडली.

आपा नागपूरहून परतली तेव्हा दुकानात मी एकटाच होतो. स्टुलावर बसून तिनं आधी पाणी मागितलं. "निवड झाली," म्हणाली.

मी कसंबसं विचारलं, "कॅसेट आवडली त्यांना?"

"हळद आवडली."

मग तिनं सगळं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत सांगते आहे. समोर दोन पुरुष आणि एक बाई. यंत्र सुरू झालं तर आधी आलं माझं नाव, आणि जैनाबाईच्या जागी आली ठेकेदाराची मावशी, तोंडभर हळद फासून नाचणारी. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. "काय करनार? उभी राह्यली. हालली नाई." त्या लोकांनी विचारलं, हा दिलीप कोण? आपा म्हणाली, थोडं थांबा, आलमारी येऊ द्या. आलमारी आली, आरसा आला, आरशात आपा आली. मग त्या बाईनं विचारलं, या बायका कॅमेऱ्यासमोर इतक्या मोकळ्या कशा? आपानं सांगितलं, "त्यायले कॅमेरा दिसलाच नाई, मी दिसली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपाचं काम पुसायलासुद्धा माझ्याकडे आपाचंच काम होतं. दुसरं काही नव्हतंच.

मी म्हणालो, "आपा, चुकून झालं."

"टिकली मी माह्या हातानं मोडली होती, भाऊ. तिथं पट्टीचा डिंक अजून चिकट लागते." एवढं बोलून ती उठली आणि बापाच्या गाळ्यात पेढे द्यायला गेली. माझ्यासाठी दोन पेढे तिनं काउंटरवर ठेवले होते. ते मी खाल्ले, हेही सांगून टाकतो.

मुंबईला पहिली दोन वर्षं ती भिंगांच्या पेट्या उचलत होती. मग कॅमेरा, मग एका मालिकेचं सगळं पथक तिच्या हाताखाली. अधूनमधून फोन करायची. "भाऊ, इथी बी लोक फोटोसारखेच उभे राह्यतेत. फकत त्याचे पैसे घेतेत." पथकातली माणसं आधी तिच्या चालण्याला हसली, आता तिच्या मागून तशीच चालतात, असंही तिनंच सांगितलं. मालिकेच्या शेवटी नावं इतकी भराभर जायची, की तिचं नाव दिसायच्या आत डोळे मिटले तर आठवडा वाया. मी डोळे ताणून बसायचो. आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगायचो, "तिला कॅमेरा मी शिकवला." हे बटणांपुरतं खरंच होतं.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. जैनाबाई वारली आणि तिचा मुलगा मंगरू मला शोधत कुरखेड्याहून बल्लारपूरला आला. आईला तो बुडी म्हणायचा. "आमच्या बुडीचा हालता फोटो हाय मनते तुमच्याइथी. फूफीनं सांगलं. एक डाव पाहू द्या." घरात तिचा साधा फोटोही नव्हता. मी म्हणालो, कॅसेट आपाकडे मुंबईला आहे. पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं ते इतकं सहज मान्य केलं, की मी त्याला न विचारताच दुसरा चहा मागवला.

२००३ साली आपा गडचिरोलीच्या जंगलात स्वतःचा माहितीपट करायला आली. दोन गाड्या, आठ माणसं, सगळे तिला "मॅडम" म्हणणारे. माझ्या दुकानापुढे गाडी थांबवून तिनं आतूनच हाक मारली, "दिलीपभाऊ, बसा. बत्ती धराची हाय." ब्रह्मपुरी मागे पडेपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "फूफी सांगत होती. मंगरू दोनदा येऊन गेला ना तुमच्याकडे?"

"हो."

"माहं काई गेलं नाई, भाऊ. माहं तं मी केवाच माफ केलं. पन बुडी माही थोडीच होती माफ कराले? थे तुमी त्यालेच सांगा."

त्याच्या गावी पोचलो तेव्हा मंगरू अंगणात मोहाच्या ढिगाशी बसून पालापाचोळा निवडत होता. आपा गाडीजवळच उभी राहिली. मी सांगितलं, "मंगरू, कॅसेट आहे, पण तिच्यात तुझी आई नाही. तुझ्या आईवर मी दुसरं भरलं."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

त्याचे हात थांबले नाहीत. त्यानं विचारलं, "मंग आता कोन हाय तिच्यात?"

"हळदीच्या बाया. एका ठेकेदाराच्या घरच्या."

"दाखवा."

आपानं कॅसेट इतकी वर्षं जपली होती आणि गाडीत टीव्ही, व्हीसीआरही आणला होता. कॅमेरा मात्र तिनं पेटीतून काढू दिला नाही. बत्तीही लागली नाही. मंगरू, त्याची बायको आणि शेजारचे चारपाच जण हळद पाहायला बसले. ठेकेदाराच्या मावशीला पाहून त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. मंगरूनं कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "बुडी यायच्या खाली हाय म्हना."

"खाली?"

"तुमीच मनले ना, वरतून भरलं. ढिगाचं वरचं काढलं का खालची फुलं भेटतेतच. घासून घासून निघन हे. राहू द्या इथीच कॅसेट."

टेप कशी पुसली जाते ते सांगायला मी तोंड उघडलं. आपानं माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं.

परत येताना तिनं मला काम नेमून दिलं. दर वर्षी मोहाच्या दिवसांत व्हीसीआर घेऊन जायचं आणि मंगरू म्हणेल तितक्या वेळा कॅसेट लावायची. मी एकदा फोनवर म्हटलंही, "आपा, त्याला खरं सांगायला नको का?" ती म्हणाली, "तुमाले काय वाटते, त्याले समजत नाई? तुमी फकत जा."

मी जातो. व्हीसीआर आता कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून तो मीच उघडायला शिकलो. कॅसेटही दमली आहे. आधी माझं नाव गेलं, मग हळदीचा पिवळा रंग. यंदा मावशीच्या चेहऱ्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या आणि आवाजाच्या जागी खरखर. मी कानकोंडा होऊन बटणाकडे हात नेला, तर मंगरूनं माझा हात धरला आणि तो पडद्याजवळ सरकून बसला.

"राहू द्या, भाऊ," तो म्हणाला. "निघून राह्यलं."