न मागितलेल्या दोन बॅगा

राळेगावला एसटीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन मोठ्या बॅगा होत्या आणि मनात दानशूरपणाचा ताठा. गाडीत चढवताना एका बॅगेची चेन तुटली होती. कंडक्टर म्हणाला, ‘‘बाई, घर हालवून राह्यल्या काय?’’ सगळी गाडी हसली. मीही हसले.

पुढे गावापर्यंत ऑटो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधूनमधून शेंगांनी लगडलेली तूर. वेचणाऱ्या बायका ऑटोच्या आवाजाने मान वर करत आणि पुन्हा वाकत.

मी निघाले होते शकुंतलामावशींकडे. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मावशींनी पुण्यात आमच्याकडे कामाला राहून दोन वर्षं त्यांची सेवा केली. त्या सासूबाईंना ‘आजी’ म्हणत. सासूबाई गेल्या आणि मावशी गावी परतल्या.

मावशींचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, फळीवर मोजकी भांडी, दोरीवर वाळणारी एक साडी. मी कौतुकाने म्हटलं, ‘‘किती मोकळं वाटतं इथे!’’

‘‘एक आंगावर, एक दोरीवर, एक लग्नाकार्याले,’’ साड्यांचा हिशेब सांगून मावशी हसल्या. ‘‘कमी असलं का सापडते बराबर.’’ तुटलेली बॅग पाहून त्यांनी मागे न बघताच कोनाड्यातलं दाभण (पोती शिवायची जाड सुई) काढून ठेवलं.

जेवायला सोलेभात (तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात), वर कच्च्या तेलाची धार, सोबत ठेचा. त्यांचे यजमान नामदेवभाऊ शेतातून आले, पोटभर जेवले आणि ओट्यावर जाऊन स्वस्थ बसले. त्यांना कुठे जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं. मला मात्र कधी एकदा बॅगा उघडते असं झालं होतं.

उघडल्या. कुर्ते, साड्या, पर्सेस, चपला, चादरी. मावशींनी एक कुर्ता हातात घेतला, उलटसुलट केला. बाहीला दुकानाचं लेबल लोंबत होतं. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही.

‘‘ताई, हे तं आंगालेच लागले नाई.’’

‘‘हो, नवेच आहेत.’’

‘‘मंग घेतले काहून?’’

त्यांना खरंच कळत नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या. ‘‘राहू द्या ना मावशी,’’ मी घाईने म्हटलं, ‘‘तुम्हाला नको तर गावात कुणाला तरी...’’

‘‘कोनं मांगले, ताई?’’ त्यांनी कुर्त्याची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, ‘‘म्या एकच मांगलं होतं. आजीचा फोटो. आनला का?’’

फोनवर त्या दोनदा म्हणाल्या होत्या, ‘‘आजीचा एक फोटो आना, भिंतीले लावतो.’’ मी ‘हो हो’ म्हटलं होतं. अडगळ भरायला चार दिवस घालवले आणि फोटो साफ विसरले.

‘‘नाही आणला,’’ मी म्हटलं. नामदेवभाऊंनी ओट्यावरून एकदा आत पाहिलं आणि नजर वळवली. मावशींनी चेन तुटलेली बॅग मांडीवर घेतली आणि माझ्या बॅगा मला परत नेता याव्यात म्हणून टाके घालू लागल्या. त्या दाभणाच्या प्रत्येक टाक्याबरोबर मी लहान होत गेले. एकदाही त्यांनी मला लाजवलं नाही, याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी परतताना यवतमाळला उतरून फोनमध्ये आजी शोधल्या. हजारो फोटो, त्यात माझे कपडे, माझी जेवणं, नवे पडदे. आजींचा एक मिळाला, हसरा, मावशींच्या हातून पेज पितानाचा. मोठा छापून घेतला, फ्रेम केली आणि पोस्टाने पाठवला.

पुण्यात सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमनने एक खोकं पुढे केलं. ‘‘मॅडम, तुमचं पार्सल. परवा आलं.’’ वर माझंच नाव होतं. बॅगा खाली ठेवून मी ते हलवून पाहिलं, हातात तोलून पाहिलं. वॉचमनने सहज विचारलं, ‘‘काय मागवलंय?’’

खूप आठवून पाहिलं. मला सांगता आलं नाही.