पत्ता चुकलेले गाऱ्हाणे

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणूनच असेल, एखादी गोष्ट कळली नाही तर ती विचारायची मला लाज वाटते. बंगळुरूच्या एका संस्थेने शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बोलावले आणि विमानाचे तिकीटही पाठवले. त्यावर ‘गोवा’ या शब्दापुढे तीन इंग्रजी अक्षरे होती. ती कशाची, हे कॉलेजातल्या सरांना विचारावे असे दोनदा मनात आले, पण विचारले नाही. बाबा म्हणाले, "विमानतळ म्हणजे दाबोळी. खाणीच्या सायबाक मी थंयच सोडी होतंय." खाण चालू होती तेव्हा ते साहेबांची जीप चालवत. मोपाचा नवा विमानतळ आमच्या डिचोलीहून जवळ आहे हे आम्हाला ठाऊक होते, पण तो पर्यटकांचा, असे आम्ही धरून चाललो होतो.

निघताना थोरल्या काकांनी देवापुढे नारळ ठेवून शिरगावच्या देवीला गाऱ्हाणे घातले. "बाय लईराई, आज तुझा लेकरू दाबोळीसून विमानात बसता हा. थंय तेका सांभाळ गे माये." आई, बाबा एका सुरात म्हणाले, "व्हय गे माये!" मी नुसते ओठ हलवले. खरे सांगायचे तर मला थोडे ओशाळल्यासारखे झाले होते. देवीला एवढा पत्ता कशाला सांगायचा, असे वाटत होते.

दाबोळीच्या दारावरच्या जवानाने तिकीट पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "बेटी, ये मोपा का टिकट है." ती तीन अक्षरे मोपाची होती. सव्वा वाजला होता. विमान चार वाजून दहा मिनिटांनी, आणि सामान देण्याची खिडकी त्याच्या तासभर आधी बंद होणार. मोपा गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होती. हे विमान गेले तर ती गेलीच. नुकतेच एक विमान उतरल्यामुळे टॅक्सीच्या खिडकीसमोर लांबलचक रांग होती. बाबा बॅग हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ‘चूक माझी आहे, वाचता मला येते,’ हे मला त्यांना सांगायचे होते, पण ते राहिलेच. सकाळी नीट न म्हटलेले तेवढेच आठवले आणि मी पुटपुटले, व्हय गे माये.

तेवढ्यात दुकानांना पाण्याचे कॅन पोचवून परत निघालेला एक टेम्पो आमच्यापाशी थांबला. पन्नाशीचा चालक खिडकीतून वाकून म्हणाला, "काय झाला गो बाय?" डिचोलीहून कसे आलो ते बाबांनी सांगितले तसा तो हसला. "मोपा तुमच्या पाठल्या दारात, आणि तुम्ही हंय कित्याक इलात? तुम्ही काय पयले न्हय! बसा. माका डिचोलीकच जावचा हा, मोपा करून जातंय."

झुआरीचा पूल ओलांडला, पणजी मागे पडली. मागचे रिकामे कॅन सारखे खडखडत होते आणि प्रत्येक खडखडाटाला मी घड्याळ पाहत होते. पर्वरीला वाहने तुंबल्याचे कळताच त्याने टेम्पो बिटोणातून आत वळवला आणि हळदोणे, थिवी अशा अरुंद रस्त्यांनी काढला. एका वळणावर समोरून बस आली, मागे घेण्यात पाच मिनिटे गेली. मला रडू येऊ लागले. तो म्हणाला, "घड्याळाकडे बघून टेम्पो धावना नाय, बाय. रस्त्याकडे बघ." काहीतरी करायचे म्हणून मी आईने दिलेला उंडो पाव आणि भाजी त्याच्यापुढे धरली. त्याने मानेनेच नको म्हटले. "माका चालना नाय. जत्रेपर्यंत व्रत हा. माझ्याच हातचा रांधून खातंय."

तेव्हा आरशामागे अडकवलेली वेताची काठी मला दिसली. तो लईराईचा धोंड, तिच्या जत्रेसाठी व्रत पाळणारा भक्त होता. जत्रेच्या दिवसांत आमच्याकडे घराघरांत धोंड असतात, त्यात नवल नाही, हे मला कळते. तरी मी घड्याळ पाहायचे विसरले. बाबांनी काठीकडे पाहून डोळे मिटले.

मोपाला पोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला सात मिनिटे उरली होती. मी धावले. बाबा मला दारात सोडून त्याचे नाव विचारायला वळले, तोवर टेम्पो उतार उतरून गेला होता. त्या वर्षी बाबा शिरगावच्या जत्रेत त्याला शोधत फिरले. हजारो धोंड, सगळ्यांच्या हातात वेत, गळ्यात मोगरीच्या कळ्या. शेवटी ते एका कडेला उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत राहिले.

आज मी त्याच संस्थेच्या वसतिगृहात बसून हे लिहिते आहे. देवीने टेम्पो पाठवला असे मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढेच कळले, की आम्ही तिला पत्ताच चुकीचा दिला होता, आणि त्याने काही बिघडले नाही. परवा सुट्टी संपवून निघताना काकांनी नारळ ठेवला. "बाय लईराई, तुझा लेकरू आज मोपासून..." म्हणता म्हणता ते थांबले, माझ्याकडे पाहून हसले, आणि म्हणाले, "जंय आसात थंय, तुझाच आसा. सांभाळ गे माये."

"व्हय गे माये," सगळ्यांच्या आधी मी म्हटले.