हनानची दिवाळीची अंघोळ

मी इंग्लंडला निघाले होते आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या दारात टॅक्सी उभी होती. आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "तिकडं लोकांत मिसळून ऱ्हाय. आपल्या इथं हनानचं बिऱ्हाड ऱ्हायलं की एवढी वर्षं. कधी परकं वाटू दिलं का आपण त्यांना?" मी म्हणाले, "नाय." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

हनान सुदानची. तिचे वडील विद्यापीठात संशोधन करायला आले आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. आम्ही दोघी दुसरीत, एकाच रिक्षातून शाळेत. काही महिन्यांतच ती माझ्याहून फर्डं मराठी बोलायला लागली. भांडायला लागली की गल्लीतली पोरं खेळ सोडून ऐकत बसायची.

त्या दिवाळीत आईनं पहिल्या अंघोळीला तिलाही खाली बोलावलं. लेकीसारखं पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं चोळलं. मी तांब्यानं पाणी ओतत होते. तिची पाठ खसाखसा घासत आई म्हणाली, "थांब, अजून घासते. निघंल काळं." आम्ही पोट धरधरून हसलो. हनान हसली. जिन्यात उभी असलेली तिची आईसुद्धा हसली, म्हणून तर ती गंमत आमच्याकडे वर्षानुवर्षं सांगितली गेली. पाहुण्यांना सांगायचे ती मीच.

आता मी इंग्लंडमध्ये असते. शेजारच्या गोऱ्या आजीबाई फार मायाळू. माझं ऑफिस सुटेपर्यंत माझ्या लेकीला, ईराला, सांभाळतात. परवा तिला आणायला गेले, तर त्या ओल्या वाइपनं तिची कोपरं घासत होत्या. "किती मळलीये, निघतच नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. ईरा माझ्याकडे बघत होती. मी हसले, थँक यू म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तिला तिथंच ठेवायचं होतं.

घरी येऊन कोट न काढताच बसून राहिले. आजीबाईंचा राग आला नाही. लाज वाटत होती, माझी आणि त्या दिवशी हसलेल्या आमच्या सगळ्या घराची.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. ती भडकलीच. "म्हातारीला तोंडावर बोलायचं नाय का?" मग मी हनानच्या अंघोळीची गोष्ट काढली. आई म्हणाली, "ते येगळं. तिच्या आईला राग नव्हता आला. दुसऱ्या दिवशी शेवयांची वाटी घेऊन आली व्हती की खाली."

"व्हय आई. मी पण काल आजीबाईंना चिवडा देऊन आले."

आमचं घर हनानचंही होतं, असं मी इथं सगळ्यांना कौतुकानं सांगत आले. आता सांगवत नाही.