सहा गावांची आजी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक अंगण आहे. अंगणात लाकडी चौथरा, चौथऱ्यावर लाल गालिचा, आणि त्यावर एवढं खायला मांडलंय की बसणाऱ्यांना मांडी घालायला जागा उरलेली नाही. खरबुजं, द्राक्षं, डाळिंबं, तंदूरमधल्या रोट्यांची चळत, परातभर पुलाव. मागे कापसाचं शेत. नोव्हेंबरचा वारा बोचतोय, पण अंगावर कोट कोणाच्याच नाही. टीव्हीवरच्या सुगीत थंडी वाजत नसते.

मधोमध आजी बसली आहे. ती या घरची नाही. खरबुजंही या घरची नाहीत. दोघं पहाटे तुर्कमेनिस्तानच्या राजधानीतून, अश्गाबादहून, एकाच गाडीतून निघाली आणि मारी शहराजवळच्या या गावात एकत्रच उतरली.

तुवाकबीबीचं वय अडुसष्ट. बावीस वर्षं ती ऑपेराच्या कोरसमध्ये गायली. मग एक दिवस वरून ठरलं की हे गाणं आपल्या मातीतलं नाही, आणि थिएटरला कुलूप लागलं. चेहरा मात्र राहिला. गोल, गव्हाळ, हसला की डोळे मिटणारा. तो चेहरा टीव्हीवाल्यांनी उचलला. तेव्हापासून ती मेंढपाळांची आजी झाली, गहू पिकवणाऱ्यांची झाली, गालिचे विणणाऱ्या मुलींची झाली. या वर्षातलं हे सहावं गाव.

घरची सून, गुलशिरीन, तिच्या पाठीशी उशी ठेवत हळूच म्हणाली, “मावशी, वसंतात तुम्ही मेंढपाळांकडे होतात ना? आम्ही बघितलं.”

“होते की. मुलगे फार झालेत मला. एवढ्या सुनांच्या पाया पडण्यात माझे हात झिजले.”

“सुनांच्या पाया सासवा कधी पडायला लागल्या?”

“टीव्हीवर सगळं होतं गं.”

गुलशिरीन फिसकन हसली. मग तिची नजर पुलावावर गेली. “यातलं मुलांना थोडं...?”

“शूटिंग चालू असताना खाऊन घ्या. पटापट. नंतर परात गाडीत जाते. उद्या दुसऱ्या गावात सुगी आहे.”

तुवाकबीबीला आज हसू येत नव्हतं. हसू येणं न येणं हा भाग तिच्या धंद्यात गौण. हसू कानामागून ओढून ओठांवर आणायचं तंत्र तिला पाठ होतं. पण आज डोक्यात दुसरंच चाललं होतं.

तिची मुलगी मायसा गेली नऊ वर्षं इस्तंबूलला होती, एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला. महिन्यातून एकदा फोन यायचा. गेल्या फोनवर ती म्हणाली होती, “आई, नवीन वर्षाला येतेच. दहा दिवस राहते आणि परत जाते.” परत जाते! खालच्या मजल्यावरची जेरेन अशीच भावाच्या लग्नाला आली होती. परत जाताना तिला तीनदा विमानतळावरून माघारी पाठवलं. चौथ्यांदा ती गेलीच नाही. हे मायसाला कसं सांगावं? फोनवर आपण दोघीच नसतो, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक. तुवाकबीबीच्या तोंडून घाबरून निघालं होतं, “ये की गं, बाळा.” त्यानंतर तीन आठवडे तिला झोप नव्हती. निरोप न्यायला माणूस नव्हतं. एक मात्र होतं. आईच्या आजीपणाचा प्रत्येक कार्यक्रम मायसा डिशवर न चुकता बघायची.

मेरेत, दिग्दर्शक, ओरडला, “आजी, रोटी मोडा! मुलांना द्या! सगळे आनंदात!”

तुवाकबीबीने रोटी मोडली, दिली. आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ आला तशी तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक ओढून दातांत धरलं.

चौथऱ्यावर सगळे थबकले. नव्या सुनेने सासऱ्यासमोर असं टोक दातांत धरायचं, म्हणजे तोंड बंद, बोलायची मुभा नाही. वर्षं सरतात, मुलं होतात, टोक सुटतं. साठी उलटलेल्या बाईने ते पुन्हा धरावं, असं कोणी पाहिलं नव्हतं. मायसाला कळेल. आईला बोलू देत नाहीत, हे तिला कळायलाच हवं.

“थांबा!” मेरेत म्हणाला. “मावशी, लग्न ठरलंय का?”

सगळे हसले. टोक तुवाकबीबीच्या दातांतच होतं.

मेरेतने मान तिरपी केली. “पण बरं दिसतंय हं. लाजरी आजी! असंच राहू द्या. डोळे मात्र हसरे.”

तिने डोळे हसरे केले. तोंड रुमालाने बांधलं असतानाही ते हसले. शरीराला सवय होती.

रविवारी कार्यक्रम लागला. तुवाकबीबीने तो एकटीने पाहिला. तिचा चेहरा पडदाभर आला, संथ केलेला, खाली दुतार वाजतोय, वर निवेदक सांगतोय की समृद्ध घरातल्या आजीला आपल्या सुखाची लाज वाटते आहे. तिला स्वतःलाच क्षणभर ते खरं वाटलं. बाई खरंच सुखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“आई! बघितलं मी! रुमाल तोंडात धरून काय लाजत होतीस! आमच्या आजीबाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, तुझी आई नवरी झाली बघ.”

“तुला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. इतकी खूश तुला कधी पाहिलीच नव्हती. मला उगाच काळजी लागली होती. म्हटलं, आता कशाला थांबायचं? दुपारी तिकीट काढते.”

तुवाकबीबी भिंतीला टेकली. एखादी युक्ती, एखादा सूचक शब्द, खोकला... बावीस वर्षांच्या रंगभूमीने तिला पुष्कळ शिकवलं होतं. तिने मनातली सगळी कपाटं उघडून पाहिली. हाती काही लागेना. तारेवर कोणी श्वास घेत होतं की नुसती खरखर होती, कोण जाणे.

“आई? ऐकतेस ना?”

“मायसा, तिकीट काढू नकोस. इथे आलीस तर तुला परत जाऊ देणार नाहीत. मी खूश नाहीये गं, मी दमलेय. मला आता कोणाचीच आजी व्हायचं नाही. येऊ नकोस.”