रोडग्यांचा विस्तव कोणी विझवला?

आमच्या स्टेशनवर कोणी चकव्याच्या गोष्टी काढल्या की सर्वांत आधी टिंगल करणारा मीच. बावीस वर्षं फायरमन आहे, आगीला कारण असतंच हे शिकलोय. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली... हसायचं तर हसा.

त्या सकाळी माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं. घरात खाकी बटण सापडेना, म्हणून बायकोने लाल लावून दिलं. मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुमाले आगीत कोन पाह्यते?" स्टेशनवर मात्र सगळ्यांनी पाहिलं आणि दिवसभरासाठी मला नवरदेव करून टाकलं.

चहा पिताना फोन आला. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना हायवेवर एक छोटा पूल आहे, तिथे टोल्युइनचा टँकर उलटलाय. टोल्युइन म्हणजे थिनरसारख्या वासाचं द्रव, ठिणगी पडायचा अवकाश की पेटलंच. आम्हाला पोहोचायला पाऊण तास लागला. मार्गशीर्षातली भर दुपार होती.

सगळं शिस्तीत केलं. दोन्हीकडची वाहतूक लांब थांबवली, वारा बघितला, फोम मारला. कॅन घेऊन आलेल्या दोघांना हाकललं — "डिझल नाई बापा हे, मरसान!" मग कुठे पुलाखाली लक्ष गेलं. टोल्युइन नाल्यात उतरलं होतं... आणि उताराला, दोनशे पावलांवर, कडुनिंबाखाली सतरंज्या आणि मोठी गंजं, म्हणजे पातेली, दिसत होती. रोडगे! आमच्याकडे वावरात रोडग्यांचं जेवण म्हटलं की ते कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्यांचा जाळ आलाच. या द्रवाची वाफ जड असते, जमिनीलगत उताराने सरकते. नव्या भरतीला हे मीच शिकवतो. आणि नेमकं तेच विसरलो!

गॅस मीटर घेऊन काठाने पळालो. निंबाजवळ मीटर कोकलायला लागलं.

पण जाळ नव्हताच. गोवऱ्यांवर मातीचा ढीग. पंधरा-वीस माणसं पार वरच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसली होती, लेकरं मांडीवर घेऊन. मला बघून एक म्हातारी उठली.

"काहून सायेब, परत आले? तुमी सांगतलं तसा इस्तो इझवला ना आमी."

"मी? मावशी, मी तं आत्ताच येऊन राहिलो."

"बाप्पा! मंग मघाशी कोन होतं? टँकर उलथल्याचा आवाज आला अन् लगेच तुमी आले. म्हन्ले, माती टाका, इथं थांबू नोका, वर जाऊन बसा. थे लाल बटन का आमाले सपनात दिसलं?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आणि टँकर उलटला तेव्हा मी स्टेशनवर चहा पीत होतो — चार साक्षीदार आहेत. आमच्याआधी तिथे दुसरी गाडी आली नव्हती, पोलिसही नव्हते. नंतर मी सगळीकडे विचारून थकलो.

संध्याकाळपर्यंत टँकर रिकामा झाला, नाल्यात बांध घालून उरलेलं उपसलं. ड्रायव्हरच्या कपाळाला टेंगूळ, बाकी कोणाला खरचटलंही नाही. निघताना म्हातारीने फडक्यात बांधलेले दोन रोडगे हातात दिले. "घ्या. तुमीच म्हन्ले होते ना, माह्या वाटचे ठेवजा म्हनून."

अर्धे कच्चे होते. गाडीत बसून दोन्ही खाल्ले. इतकं गोड त्याआधी काही लागलं नव्हतं, खरंच सांगतो.

तो कोण होता, मला आजही माहीत नाही. भास म्हणावा तर वीस जणांना कसा होईल? मी त्या दिवशी जे विसरलो ते त्याच्या लक्षात होतं, एवढंच मला कळतं. लाल बटण अजून शर्टाला आहे, बायकोला बदलू देत नाही.

आता दर मार्गशीर्षात त्या निंबाखालून मला बोलावणं येतं. म्हातारी शेजारी शेजारी दोन पानं वाढते. "एक तुमचं, एक त्याचं." मी माझं जेवतो, थोडा वेळ रस्त्याकडे बघतो... आणि मग त्याचंही मीच जेवतो.