धकात्यांची पक्की शाई

चंपतराव सोनकुसरे यांना नागपुरातली जिवंत माणसं जरा परकी वाटत आणि मेलेली सगळी घरची. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. महालातल्या एका जुन्या वाचनालयात त्यांनी तेहेतीस वर्षं बाइंडिंगचं काम केलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या फाटक्या पानांना पातळ कागद लावायचा, खळ फासायची, वर लाकडी फळी आणि दगड ठेवायचा. खळ वाळेपर्यंत माणूस काय करणार? समोर असेल ते वाचणार. आणि समोर असायचा शंभर वर्षांपूर्वीचा अंक. म्हणून चहाच्या टपरीवर लोक राशनच्या साखरेवर तावातावाने बोलत असताना चंपतराव मध्येच म्हणायचे, "सक्करदऱ्याकडे हत्ती बिथरला गा. दोन दुकानं पाडली."

"कधी?" लोक घाबरून विचारायचे.

"अठराशे एकोणऐंशी."

या जुन्या अंकांत एक कुटुंब त्यांना भेटलं आणि चंपतराव त्याच्यात कायमचे अडकले. शालिकराम धकाते, शाईवाले. ना राजे, ना दिवाण, ना कोणी पुढारी. शाईचं एक दुकान आणि दर आठवड्याला एक जाहिरात: "अस्सल काळी शाई. पाण्याने पुसत नाही, घामाने पसरत नाही, लिहिणारा गेला तरी जात नाही. कृती आमच्या घराबाहेर जाणार नाही." गंमत म्हणजे ज्या छापाच्या शाईत ही जाहिरात होती, ती इतकी उडाली होती की चंपतरावांना भिंग लावावं लागलं.

शालिकरामला एकच मूल. १८७८ च्या एका अंकात मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभाची चार ओळींची बातमी आहे. "चि. गोपिका शालिकराम धकाते, वय वर्षे नऊ, हिस सुवाच्य अक्षराबद्दल चोळीखण व पाटी." ती बातमी सापडली त्या दिवशी चंपतरावांनी वाचनालयात पेढे वाटले. लोकांना वाटलं, पगार वाढला.

चंपतरावांना मूलबाळ नव्हतं. हे मी सांगतो आहे, ते स्वतः कधी बोलले नाहीत. पण गोपिकेचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन नव्हती. आणि पुढे तर काहीच नव्हतं. १८८१ च्या उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली, पाच-सहा अंक तिनेच भरलेले, आणि त्यानंतर कुठे गोपिकेचं नाव नाही. धकात्यांबद्दल सापडेल ते चंपतराव एका वहीत टिपून ठेवत; तिच्यात त्यांनी लिहिलं, "बहुधा याच साथीत गोपिका वारली. वय वर्षे बारा." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वर जखमेवर मीठ म्हणून एक बाई होती. १८९० पासून त्याच वर्तमानपत्रात भंडाऱ्याच्या कोण्या रुखमाबाई निपाणे यांची जाहिरात सुरू झाली. अस्सल काळी शाई. पाण्याने पुसत नाही, घामाने पसरत नाही... शब्द न् शब्द तोच. या बाईंवर चंपतरावांचा राग असा होता की शेजाऱ्यानं कुंपण सरकवलं तरी कोणाला इतका येणार नाही.

"चोट्टी!" ते मला म्हणायचे. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. "पोरगी मेली, बाप म्हातारा झाला, आन् हे बया कृती चोरून बसली. मास्तर, तुमी सांगा, कोर्टात गेलो असतो का नाही?"

"कोणावर खटला भरता? बाईंना जाऊन पन्नास वर्षं झाली असतील."

"म्हणून काय झालं? चोरी ते चोरी!"

एकतीस मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तरला चंपतराव निवृत्त व्हायचे होते. ग्रंथपाल मधुकरराव मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "सोनकुसरे, धकात्यांची ती वही तुम्हीच बांधून द्या. जायच्या आधी द्या, मी दाखल क्रमांक टाकून कपाटात ठेवतो." चंपतरावांना जणू सरदारकी मिळाली. पण त्याचबरोबर काळजीही लागली. कपाटात गेलेली गोष्ट खरी होते, हे त्यांना तेहेतीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. वहीत गोपिका बाराव्या वर्षी मेली असेल, तर ती मग कायमचीच मेली. "बहुधा" हा शब्द कोण वाचतो?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. इंदूबाई, म्हणजे चंपतरावांच्या मंडळी, एका शेगडीवर वरण आणि दुसरीवर खळ शिजवत होत्या. खळीत कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद पडतं, त्यामुळे त्या घरात पाहुण्याला वाढण्यापूर्वी पातेलं नीट पाहून घ्यायची पद्धत होती. चंपतराव शेवटचं पान लिहीत होते आणि रुखमाबाईंचा उद्धार चालू होता.

"थ्या चोट्टीनं..."

"काहून शिव्या देऊन राहिले तिले?" इंदूबाई खळ ढवळता ढवळता म्हणाल्या. "थो शालिकराम कृती कोणाले देणार नाही म्हणे ना? घराबाहेर जाणार नाही म्हणे?"

"हो. छापलं आहे तसं."

"मंग पोरगी घराबाहेर गेली का नाही?"

"अवं, पोरगी मेली!"

"कोणी सांगतलं?"

"नावच नाही ना पुढं कुठं!"

इंदूबाईंनी पळी खाली ठेवली. "नाव नाही म्हून मेली? मंग शामला रामटेके कुठं आहे, सांगा बरं. छत्तीस सालापासून तिचंही नाव नाही कुठं. मेली का थे?"

चंपतरावांची लेखणी थांबली. छत्तीस साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं त्यांनी स्वतः "इंदू" असं लिहिलं होतं. शामला हे नाव बदलायचं कारणही भारदस्त होतं: सोनकुसऱ्यांच्या गोठ्यात त्या नावाची म्हैस आधीच होती.

"पोरगी बारा वर्षांची झाली, लगन लावून भंडाऱ्याले देली," इंदूबाई म्हणाल्या. "नाव बदललं. हातातली शाईची कृती थे सोबत घेऊन गेली. तुमाले तेहेतीस वर्षं पेपर वाचून समजलं नाही. चोट्टी म्हणते लेकीले!"

चंपतराव उठले, टोपी घातली आणि निघाले. रविवार आहे हे त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत गेल्यावर आठवलं.

सोमवारपासून ते जुन्या नगरपालिकेच्या दप्तरांचे गठ्ठे सोडत बसले. आजवर त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. मेलेल्या मुलीच्या नावानं कागद शोधायला कोण जातं? चौथ्या दिवशी १८९६ चा एक अर्ज निघाला. घर नावावर करून मिळण्याबद्दल. "मी रुखमाबाई, भ्रतार महादेव निपाणे, राहणार भंडारा, माहेरचे नाव गोपिका, कै. शालिकराम धकाते यांची एकुलती मुलगी..."

खाली कारकुनाचा शेरा होता. तो पार विटून चहाच्या डागासारखा झालेला. वरचा अर्ज मात्र काळाभोर, काल लिहिल्यासारखा. आणि अक्षर? चोळीखण आणि पाटी पुन्हा एकदा बक्षीस द्यावं असं.

घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली. मी विचारलं, "सापडली?"

"सापडली गा. मोठी झाली. दुकान काढलं तिनं." आणि डोळ्यांना धोतराचा सोगा लावत म्हणाले, "मी पंधरा वर्षं शिव्या देल्या ना मास्तर तिले."

वहीचं शेवटचं पान फाडून पुन्हा लिहिलं. सगळ्यात खाली त्यांनी आभार घातले: "या शोधात मोलाचे साहाय्य: शामला." लाजत इंदूबाईंना दाखवलं.

इंदूबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग म्हणाल्या, "एकच काहून? इंदूबी लिहा."

"अवं, मानानं तुझं खरं नाव लिहिलं."

"दोन्ही खरी आहेत. दोन्ही लिहा. नाहीतं शंभर वर्षांनी तुमच्यासारखाच कोणी येईल, आन् मलेबी पटकीत मारून टाकेल."

चंपतरावांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि लिहिलं. इंदूबाईंनी ते वाळू दिलं. मग जिभेला बोट लावून आपल्या दोन्ही नावांवरून हळूच फिरवलं, आणि बोट उजेडाकडे धरून पाहिलं.