अळणावरची खोटी बायको

बेचाळीस साली आमचे हे भूमिगत झाले. कमरीपेठेतलं भांड्यांचं दुकान मी आणि सासरे सांभाळत होतो आणि हे अळणावरच्या रानात. आज तारा तोड, उद्या टपालाची पिशवी जाळ, मिळेल त्या घरी भाकरी खा. देशासाठी नवरा दिल्याचा मला केवढा तोरा होता!

एक बातमी आली आणि तोरा उतरला. ज्या शेतकऱ्याच्या घरी हे लपत, तिथं पोलीस शिरले. घरधनी लाकूडतोडीला गेलेला. घरात त्याची बायको आणि हे, दोघंच. फौजदारानं तिला विचारलं, "हा कोण? नाव सांग." तिनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि तोंड मिटून उभी राहिली. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे फौजदारालाही ठाऊक. तो हसला आणि निघून गेला.

सारी पेठ तिचं कौतुक करी आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. यांच्यासाठी लाजायचा हक्क माझा होता!

पुढं हे दुसरीकडं पकडले गेले, तुरुंगात गेले. इकडं त्या गावात कुजबुज सुरू झाली. परक्याला नवरा म्हणवणारी बाई घरात ठेवायची कशी? पंच म्हणाले, त्या माणसाच्या खऱ्या बायकोनं येऊन सांगावं, की माझ्या मनात किंतु नाही. तसं झालं, की मिटलं. लाकडाच्या गाडीवाल्यानं निरोप आणला. मी म्हटलं, दिवाळी झाली की येते. दुसऱ्यांदा सासऱ्यांचं आजारपण पुढं केलं. तिसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही. किंतु कसला, तिनं काही वावगं केलं नाही हे मला पक्कं माहीत होतं. नुसती जळफळ होती.

सुटून आल्या आल्या हे म्हणाले, "त्या माउलीला लुगडं नेऊ." गेलो. दार दुसऱ्याच बाईनं उघडलं. मागून घरधनी आला. मान वर न करता म्हणाला, "तिला माहेरी लावून दिली, अण्णा. तीन डाव सांगावा धाडला. पंच थांबले, मी बी थांबलो. अक्का आल्याच न्हाईत."

यांनी माझ्याकडं पाहिलं. "निरोप मिळाला होता?"

"मिळाला होता."

"मग?"

"तुम्हाला तिनं वाचवलं. मी नाही."

तिचं माहेर कुठं, एवढंच यांनी घरधन्याला विचारलं आणि लुगडं काखेत मारून निघाले. मला चल म्हणाले नाहीत.